पॉलिहाऊसचा पेपर घेताना काट्यावर वजन करून घ्या

आमचं गाव निफाड तालुक्यात. इथे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. ढोबळी मिरचीच्या रोपांसाठी मी परसात जीआय पाईप वाकवून स्वतःच छोटं पॉलिहाऊस उभं केलं. जूनमध्ये त्यावर ७ बाय १५ मीटरचा पेपर, म्हणजे प्लास्टिकचा कागद, टाकला. दुकानदार म्हणाला, "२०० मायक्रॉन आहे, यूव्हीवाला. तीन वर्षं बघायला नको." मायक्रॉन म्हणजे पेपरची जाडी, आणि यूव्हीवाला म्हणजे उन्हाने लवकर न तडकणारा. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी दिली. पक्क्या बिलाला जीएसटी लागेल म्हणाला आणि मी गप्प बसलो.

डिसेंबरात थंडीची तयारी सुरू केली. आतून वीतभर अंतर सोडून दुसरा पातळ पेपर लावायचा होता, कारण ऊब धरते ती मधली कोंडलेली हवा. कडेच्या फटी बुजवायला पेपर धरून ठेवणारी स्प्रिंग काढून तो ताणला, तर पाईपाच्या रेषेत तो पापडासारखा तडकला. त्याच रात्री वारा सुटला. सकाळी छताच्या चिंध्या लोंबत होत्या. १०४ कप्प्यांचे ४० ट्रे होते. रोपांची पानं काळवंडली, माना पडल्या. दोन दिवसांत सगळं उपटून टाकलं. बायकोने एकेक बी हाताने टोचलेलं होतं.

दुकानदाराने आमच्यावरच ढकललं: "रोगासाठी गंधक मारलं असणार तुम्ही." गंधकाने पेपर लवकर खराब होतो हे खरंच आहे, म्हणून तर हे उत्तर खपतं. मी एकदाही मारलं नव्हतं.

मग शेजारच्या भाच्याने पेपरचा न फाटलेला, बरोबर १ मीटर बाय १ मीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला. ११० ग्रॅम. २०० मायक्रॉनचा पेपर चौरस मीटरला १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे मला जेमतेम १२० मायक्रॉनचा पेपर दिला होता, आणि सहा महिन्यांत तडकला म्हणजे यूव्हीही नावालाच. बोटांनी चाचपून यातलं काहीच कळत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची ठरवली, तर दाखवायला ती चिठ्ठीच. तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना मायक्रॉन.

या वेळी दुसरीकडून घेतला. तेवढ्याच मापाचा गुंडाळा दुकानातच काट्यावर चढवला, साडेएकोणीस किलो भरला. बिलावर मायक्रॉन, यूव्ही आणि गॅरंटीची वर्षं लिहून घेतली, खाली शिक्का मारून घेतला, आणि मगच पैसे दिले.