तेलातला अर्क की ग्लायकॉलमधला इसेन्स?

सांगलीत बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी मांडलेले असतात. वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, लिक्विड घरी बनवू पाहणारी पोरं विचारतात, "खायला चालतं, मग ओढायला काय हरकत?"

तेलातल्या अर्काचा निकाल लगेच लागतो. नानकटाईत तो झकास, पण फुप्फुसात तेल पचवायची सोयच नाही. त्यातून लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे तेलामुळे फुप्फुसाला येणारी सूज, होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होऊ लागली, तेव्हा मुख्य संशय व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थावरच आला.

प्रोपिलीन ग्लायकॉल या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवातला इसेन्स त्यामानानं कमी वाईट. सुरक्षित म्हणायला मात्र मी तयार नाही. बाटलीवरचा एफएसएसएआय क्रमांक खाण्यापुरता असतो, श्वासाशी त्याचा संबंध नाही. लोण्याचा स्वाद देणारं डायअ‍ॅसिटिलच घ्या. पॉपकॉर्नमधून पोटात गेलं तर काही बिघडत नाही. पण अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यात त्याची वाफ रोज छातीत घेणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या. २००० साली ते उघडकीस आलं. कस्टर्ड, बटरस्कॉच असल्या मलईदार स्वादांत हेच रसायन असू शकतं, आणि लेबलवर बहुतेकदा नुसतं 'कृत्रिम स्वाद' एवढंच लिहिलेलं असतं.

शिवाय २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट किंवा तिचा कुठलाही भाग बनवणं आणि विकणं आपल्याकडे गुन्हा आहे: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी संपल्यावर मिल्कशेकला ग्लायकॉलमधला इसेन्स घ्या. तेलातला दुधावर तरंगतो.