वेंगुर्ले-मालवण पट्ट्यात जुनं घर घेताना भेटलेले दोन एजंट

आधीच सांगते, एजंट कसा आहे हे घर बघताना कळत नाही. घर सगळेच छान दाखवतात, चहा पाजतात, स्वतःच्या गाडीतनं फिरवतात. माणूस कळतो तो आपण आकडा सांगितल्यावर. तुमची ऑफर तो मालकापर्यंत नेतो का, कशी नेतो आणि परत येऊन खरं काय ते सांगतो का, मी रिव्ह्यू लिहितेय तो फक्त याच गोष्टीवर. आम्ही परुळे, भोगवे, म्हापण ते थेट वेंगुर्ल्यापर्यंत कौलारू घरं बघत होतो, त्यात दोन एजंटांशी ऑफरपर्यंत गोष्ट गेली. नावं मुद्दाम देत नाहीये, पण पद्धत ओळखाल तुम्ही.

पहिला तालुक्याच्या ठिकाणचा. एसी ऑफिस, काचेचं टेबल, ड्रोनने काढलेले व्हिडिओ, बोर्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा, नंबर. पहिला प्रश्न, "मॅडम, बजेट मॅक्स किती?" मी सांगितलं नाही आणि कोणीच सांगू नका, कारण तुमची वरची मर्यादा एकदा त्याच्या कानावर गेली की मालकाचा भाव आपोआप तिथेच येऊन बसतो. त्याने दाखवलेलं घर खरंच सुंदर होतं, चिऱ्याचं, पुढे मोठं खळं म्हणजे अंगण, मागे माडाची रांग. सांगितलेला भाव ४८ लाख. चिपी विमानतळ २०२१ ला सुरू झाला तेव्हापासून इकडचा प्रत्येक एजंट पहिल्या दोन वाक्यांत विमानतळ काढतो, याने पण काढला. आम्ही ४० म्हटलं. त्याने मालकाला फोनसुद्धा न लावता तिथल्या तिथे मान हलवली, "नाही होणार, उद्या मुंबईची पार्टी येतेय, तुम्हाला घ्यायचंच असेल तर आज एक लाख टोकन कॅश ठेवा, मग मी त्यांना थांबवतो."

आम्ही म्हटलं सर्व्हे नंबर द्या, सातबारा बघतो. तर म्हणे टोकन झाल्यावर देतो. इथेच आम्ही उठलो. सातबारा ही काही गुप्त गोष्ट नाही, सरकारच्या महाभूलेख साइटवर गाव निवडून नुसत्या आडनावाने पण शोधता येतो आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. घरी येऊन शोधला तर त्यावर नावांची ही रांग, त्यातली काही माणसं कधीच वारलेली आणि वारस नोंद झालेली नाही, आणि खाली इतर हक्कात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव. विचारल्यावर एजंटचं उत्तर, "ते जुनं आहे हो, आपण काढून घेऊ." आणि बहिणींचं काय विचारलं तर "बहिणी सही करतात, त्यात काय". अहो, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, ती सही करेल की नाही हे तिला विचारल्याशिवाय हा माणूस सांगणार कसं? एका हिस्सेदाराकडून राहत्या सामाईक घराचा नुसता हिस्सा घेतला तर बाहेरच्या माणसाला घरात एकत्र ताबा मागता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मध्येच आहे. म्हणजे पैसे देऊन आपण दारात उभे.

खरा राग पुढचा आहे. नंतर त्या घराच्या शेजारच्या काकांशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की मालकांना आमचे ४० कधी पोचलेच नव्हते. त्यांनी एजंटला सांगितलेलं, आमच्या हातात ३६ पडूदेत, वरचं तुझं. म्हणजे वरचे सगळे त्याचे आणि शिवाय आमच्याकडून २ टक्के कमिशन. असा सौदा असला की एजंट तुम्हाला मालकाला भेटू देणारच नाही, आणि तुमची ऑफर मालकाला चालण्यासारखी असली तरी त्याला चालत नाही म्हणून तो ती मधेच मारून टाकतो. तिकडे मालक गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले आणि इकडे आम्ही त्यांच्या भावापेक्षा जास्त द्यायला तयार. दोघांचंही नुकसान. आणि याच माणसाने वर सुचवलेलं की खरेदीखतात कमी दाखवू, बाकीचे रोख देऊ. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर इन्कमटॅक्सचा दंड तेवढ्याच रकमेचा लागतो आणि तो घेणाऱ्याला लागतो, हे मालकाला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

महारेराच्या नंबराबद्दल पण सांगते, कारण तो बघून लोक निर्धास्त होतात. एजंटची ती नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट, प्लॉट विकण्यासाठी असते. गावातलं जुनं सुटं घर त्यात येत नाही, त्यामुळे अशा व्यवहारात तो नंबर तुम्हाला काही संरक्षण देत नाही. इथे तुमचं संरक्षण म्हणजे तुमचा वकील, मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च आणि पेपरातली जाहीर नोटीस.

आता दुसरा. याचं वेगळं ऑफिस असं नाहीच, हार्डवेअरचं दुकान आहे आणि जोडीला हे काम. गेल्या गेल्या त्याने कमिशन सांगितलं, तुमच्याकडून २ टक्के, मालकाकडून १, आणि खरेदीखत झाल्यावर. मग न मागता सातबारा, आठ अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट म्हणजे घरपट्टीचा उतारा समोर ठेवला, आणि वर हेही सांगितलं की असेसमेंट उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी झाली असं नाही. हिस्सेदार चार. एक भाऊ गावात, एक डोंबिवलीला, बहीण गोरेगावला आणि वारलेल्या भावाची बायको कुडाळला. डोंबिवलीचे विकायला तयार नाहीत हे त्याने घर दाखवायच्या आधी सांगितलं. आम्ही घर आवडल्यावर उत्साहात टोकन काढायला लागलो तर म्हणतो, "वैनी, थांबा वायच. चौघांक इचारल्याशिवाय मी टोकनाक हात लावचंय नाय."

भाव होता ४२. आम्हाला ३४ च्या आसपास द्यायचे होते पण आठ लाख कमी करा असं कुठल्या तोंडाने सांगायचं. यानेच मार्ग काढला. गावातल्या सुताराला घेऊन आला, सुताराने शिडी लावून आढ्याला, म्हणजे छपराच्या मधल्या तुळईला, पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि खाली सगळ्यांच्या डोक्यावर पिवळा भुसा. वाळवीने आढं आतनं पूर्ण खाल्लेलं, बाहेरनं ऑइलपेंट एकदम टकाटक. मग वासे, रिपा, कौलं, मजुरी असं सगळं धरून सुताराने कागदावर अंदाज लिहून दिला, गावातले भाऊ तिथेच उभे होते, त्यांनी स्वतः बघितलं. त्यानंतर ३४ म्हणायला आम्हाला जड गेलं नाही आणि ऐकायला त्यांना अपमान वाटला नाही.

मग त्याने आमची ऑफर मराठीत एका पानावर टाइप केली. रक्कम ३४ लाख, टोकन चेकने आणि मालकांच्या नावाने, चौघांच्याही सह्या किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्र, सर्चमध्ये काही निघालं तर टोकन पूर्ण परत, ऑफर अमुक तारखेपर्यंतच. आणि एक अट त्याने स्वतःहून घातली जी आम्हाला सुचली नसती. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतची वाट चुलत्यांच्या जागेतनं येते, ती आज तोंडी आहे, तर चुलत्यांकडून येण्याजाण्याचा हक्क लेखी आणि नकाशासकट घ्यायचा, तो कागद झाल्याशिवाय खत नाही. कोकणात बरेच तंटे या वाटेवरनंच होतात, विकणारा गेला की दुसऱ्या दिवशी तिथे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उभा राहतो. हे पान त्याने चौघांना व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मग आमच्यासमोर स्पीकरवर एकेकाला फोन लावला. डोंबिवलीच्या भावाचं म्हणणं पैशाचं नव्हतंच, देवघरातले देव कुठे जाणार हा त्यांचा प्रश्न होता. देव गावातल्या भावाकडे जातील असं ठरलं आणि तो माणूस तयार झाला. ३८ चा काउंटर आला, आम्ही साडेपस्तीस म्हटलं, ३६.५ ला जमलं. प्रत्येक आकडा आम्ही आमच्या कानाने ऐकलाय, कुणाच्या तोंडून फिरून आलेला नाही.

कमी काय ते पण लिहिते. फोन उचलत नाही, दुकानात गिऱ्हाईक असलं की तासन् तास गायब. आणि सीआरझेडचं, म्हणजे समुद्र-खाडीकाठच्या बांधकामाच्या नियमांचं, त्याला काही कळत नाही. घराच्या मागे खाडी आहे, त्याला विचारलं तर "काय होत नाय हो, सगळे बांधतत". हे उत्तर धरून व्यवहार करू नका. भरतीरेषेपासून किती अंतरावर आहात यावर सगळं ठरतं, ना-विकास क्षेत्रात असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा त्याच जोत्यावर, तेवढ्याच बांधकामात पुनर्बांधणी करता येते, पण शेजारी होमस्टेच्या नव्या खोल्या काढू म्हणाल तर नाही. आम्ही किनारा व्यवस्थापन नकाशा वकिलाकडून वेगळा तपासून घेतला. आम्हाला राहायलाच घर हवं होतं म्हणून चाललं, होमस्टेच्या आशेने घेणाऱ्याने भाव करण्याआधी हे बघायलाच हवं.

अजून एक, जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी लागतो. नवऱ्याच्या नावावर कणकवलीला सातबारा असल्यामुळे आम्हाला अडचण आली नाही. पहिल्या ऑफिसात बसलेल्या एका जोडप्याला मात्र "शेतकरी असल्याचा दाखला आपण करून देतो" असं सांगताना मी ऐकलंय. असा दाखला घेऊन केलेला व्यवहार पुढे कधीही उलटू शकतो, तर कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

रेटिंग द्यायचं तर पहिल्याला १ स्टार, तोही घर खरोखर चांगलं होतं म्हणून. दुसऱ्याला ४, एक कापला तो सीआरझेडसाठी आणि फोनसाठी. जाणार असाल तर दुपारी दोननंतर जा, तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि माणूस शांतपणे बोलतो. खत झाल्यावरच त्याने पैसे घेतले, पावती दिली. आता सातबाऱ्यावर आमचं नाव लागायची फेरफाराची नोंद धरली गेलीय, नोटिशीचे पंधरा दिवस चालू आहेत, कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतील. त्याचं कमिशन त्याला मिळालेलं आहे, तरी तलाठ्याकडे चौकशी करून आम्हाला कळवतो तोच.