अडीचशेचा पिवळा मल्टीमीटर आणि जुनी बाईक, पावसाळाभर वापरून झाल्यावर

पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात जाऊन '८३०डी द्या' म्हटलं की दुकानदार मागे न बघता व्होल्ट-अँपिअर मोजायचा जो चपटा पिवळा-काळा मीटर काढून देतो ना, तोच हा. खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचत बसू नका, दर दुकानात वेगळं असतं. अडीचशेच्या आसपास पडला. घेतला तो वडिलांच्या बाईकसाठी, १०० सीसी फोर स्ट्रोक, ९८ चं मॉडेल, इंजिन अजून अर्ध्या किकमध्ये सुरू होतं पण वायरिंगच्या नावाने नुसता आनंदीआनंद. मे महिन्यात आणला, आता दिवाळीही होऊन गेली, म्हणजे लिहायला हरकत नाही.

आणायचं कारण असं की हॉर्न मरतुकडा वाजत होता आणि ब्रेक दाबला की मागचा दिवा आहे की नाही तेच कळेना. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली, दोन दिवस बरं चाललं, मग परत तेच, मग म्हणाला अख्खं वायरिंग बदलावं लागेल, हेडलाइटपासून मागच्या लाइटपर्यंत. म्हटलं थांब जरा.

घरी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीला लावला, १२.६. ठणठणीत. हॉर्नच्या वायरी काढून त्या टोकांना मीटर लावला, बटण दाबलं, १२.४. म्हणजे करंट येतोय, मग हॉर्नच खराब, असंच कोणालाही वाटेल आणि नवा हॉर्न आणला जाईल. पण वायरी परत हॉर्नला जोडल्या आणि तो वाजत असताना त्याच दोन पिनांवर आकडा बघितला तर ९ च्या खाली! उरलेले तीन-साडेतीन व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जात होते. हॉर्न दीड-दोन अँपिअर ओढतो तेव्हाच ते दिसतं, काही ओढतच नसेल तर सडक्या वायरच्या दुसऱ्या टोकालाही बारा व्होल्ट मिळतात. या मीटरने मला एवढी एक गोष्ट जरी शिकवली असती तरी पैसे वसूल होते.

पुढचं काम सोपं. हॉर्न दाबून धरायला मुलीला बसवलं (तिला यापेक्षा मोठा सण नाही, शेजारच्या काकूंचं काय झालं ते विचारू नका), लाल प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बॅटरीच्या प्लसवर कायम ठेवला आणि काळा एकेका जोडापाशी नेत गेलो, जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट तिथपर्यंत वाटेत गेले. फ्यूजच्या पुढे ०.१, चावीच्या स्विचला येणाऱ्या लाल वायरवर ०.२, आणि स्विचमधून निघणाऱ्या काळ्या वायरवर एकदम ३ च्या वर. हेडलाइटच्या डोममध्ये चावीच्या स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड, असतो तो उघडला तर एक पिन पार कळकलेली, हिरवी पूड नुसती, आणि भोवतीचं पांढरं प्लास्टिक उष्णतेने पिवळं पडलेलं. बारीक पॉलिश पेपर मारला, मादी पिन नोकपक्कडने जरा दाबून घट्ट केली, परत मोजलं, ०.३. हॉर्न असा वाजला की पोरगी दचकली. वायरिंग तेच आहे अजून.

आता बझरबद्दल. सगळे याच बझरसाठी ८३०डी घेतात, दोन टोकं लावा, टूं वाजलं की वायर चांगली. जुन्या गाडीवर यावर विसंबू नका. हँडलच्या मानेपाशी वायरी रोज वळून वळून आतून तुटतात, बाहेरचं कव्हर शाबूत, आत तांब्याची एखादीच कळकलेली, जेमतेम टेकणारी तार शिल्लक. बझरला तेवढी पुरते, बल्बला पुरत नाही. म्हणून नाना पेठेतून इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब आणि होल्डर आणला, दोन हातभर वायरी आणि क्लिपा लावल्या, झाला चेक लॅम्प. जुने मिस्त्री मीटरला हात न लावता यानेच गाड्यांचे बिघाड शोधून काढतात आणि बरोबरच करतात, बल्ब पाऊण-एक अँपिअर ओढतो म्हणजे तो पूर्ण पेटला तर वायर खरोखर चांगली. फक्त सीडीआयच्या (प्लगची ठिणगी सांभाळणाऱ्या युनिटच्या) वायरींना हा बल्ब लावू नका. मी आता आधी बल्ब लावतो, मंद पेटला तर मीटर काढतो.

चार्जिंग बघायला मात्र मीटरच पाहिजे. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ च्या वर, चालू करून रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये, एवढं असेल तर आर आर युनिट (चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) ठीक. रेस देऊनही आकडा हलला नाही तर चार्जिंग नाही, पंधराच्या वर पळाला तर रेग्युलेटर गेलाय आणि बल्ब एकामागून एक उडणार. माझ्याकडे १४.२ आले, म्हणजे ती नवी बॅटरी फुकटच घेतली गेली. आणि या जुन्या शंभर सीसींमध्ये हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, एसीवर चालतो, त्यामुळे आयडलिंगला मंद आणि रेस दिली की लख्ख, हा बिघाड नाही, त्यासाठी बॅटरी बदलून काही होत नाही. तिथे मोजायचं तर मीटर एसीवर फिरवा, आणि आकडा अंदाजापुरताच धरा.

मीटरच्या खोड्याही सांगतो. आतला नऊ व्होल्टचा सेल उतरला की हा आकडे वाढवून दाखवतो, बंद गाडीची बॅटरी तेरा-साडेतेरा दिसायला लागली की समजायचं गाडीचं काही नाही, मीटरचा सेल बदला. आपोआप बंद होत नाही, ड्रॉवरमध्ये चालू राहिला की सेलची वाट लागते. स्क्रीनला लाइट नाही, संध्याकाळी पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च दातात धरा. चालू इंजिनवर प्लगच्या जाड वायरीजवळ प्रोबच्या वायरी गेल्या की आकडे वेड्यासारखे नाचतात, लांबून न्या. सोबत आलेल्या प्रोबच्या वायरी तर टाकाऊच, ऑगस्टमध्ये एक मुळाशी तुटली, जाड सिलिकॉनच्या वेगळ्या घेतल्या.

अँपिअर मोजताना जपून. बॅटरी रात्रीतून उतरते का ते बघायला मायनस वायर काढून मध्ये मीटर लावायचा असतो, तेव्हा लाल प्रोब आधी १० अँपिअरच्या भोकात घाला, आकडा शून्यच दिसला तरच २०० मिलीअँपिअरवर या, आणि त्यानंतर चावीला हात लावू नका, नाहीतर मीटरमधला फ्यूज गेला. १० अँपिअरच्या भोकाला तर फ्यूजच नसतो. घड्याळ, सेन्सर काही नसलेल्या गाडीला चावी बंद असताना जवळपास शून्यच यायला हवं. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डात मी हा मीटर घालत नाही, या किमतीत तेवढा भरवसा नाही.

न्यूट्रलचा हिरवा दिवा अजून मधूनच जातो. न्यूट्रल स्विचकडून येणारी पोपटी वायर इंजिनच्या बॉडीला टेकवली की दिवा लागतो, म्हणजे बल्ब आणि वरची वायर ठीक, घोळ खाली स्विचपाशी. पण तो खड्ड्यात हादरा बसला की होतो आणि या मीटरचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात, तेवढ्यात दिवा जाऊन परतही आलेला असतो. तिथे चेक लॅम्प लावून वायर हलवत बसणार आहे रविवारी. स्विचच खराब निघाला तर ऑइल काढायला लागेल का, कोणाला माहीत असेल तर सांगा.