दगडूची बंद पेटी : अकरा महिने वापरल्यानंतर

आमचा दगडू सुलकाटा जातीचा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेत जो साहेलचा पट्टा आहे, तिथलं हे कासव. गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची कासवं सोडली तर जमिनीवर राहणाऱ्या कासवांत सगळ्यात मोठं हेच. इथे फिनिक्समध्ये लोक तळहातावर मावणारं पिल्लू हौसेने आणतात आणि ते वाढून चाळीस किलोच्या घरात गेलं की त्यांना आवरेनासं होतं. म्हणून इथल्या प्राण्यांच्या आश्रयगृहांत सुलकाटांची कमी नाही. दगडू तिथूनच आला, तेव्हा ११ सेंटीमीटर लांब आणि २७० ग्रॅम वजनाचा होता. पाठीवरचे खण तेव्हाच थोडे उंचावलेले होते, एकेका खणाची छोटी टेकडी झालेली.

वाळवंटाकडचं कासव, आणि आपण राहतो ॲरिझोनात, मग अडचण कसली, असं मी धरून चालले. वरून उघडा असलेला लाकडी टेबल-पिंजरा आणला, एका टोकाला दिवा लावला. दोन महिन्यांत टेकड्या आणखी वर आल्या. हायग्रोमीटर लावून बघितला तर हवेतली ओल १५ टक्के! एसी चालू, वर दिवा, माथा उघडा. तापलेली हवा वर निघून जाते आणि जाताना ओल घेऊन जाते. मी रोज पाणी शिंपडायचे, ते तासाभरात वाळून जायचं.

चूक माझी समजण्यातच होती. साहेलमध्ये ही कासवं दिवसभर उन्हात भाजत बसत नाहीत. मोठी कासवं कित्येक मीटर लांब बिळं खोदतात आणि आत जमिनीतल्या ओलीत राहतात. पिल्लांच्या वाट्याला पावसाळ्यातली हिरवळ आणि दमट हवा येते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ मध्ये सुलकाटाच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंच टेकड्या आल्या, दमट हवेतल्यांच्या पाठी बऱ्याच गुळगुळीत राहिल्या. आहारातल्या प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ निघाला. तोवर मी टेकड्यांचा दोष खाण्याला देत होते.

मग दिवाळीनंतर पीव्हीसीची बंद पेटी घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पुढे सरकत्या काचा. सगळे दिवे पेटीच्या आत, हा मुख्य मुद्दा. दिवे माथ्याच्या जाळीवर बाहेरून ठेवले की पुन्हा धुराडंच होतं, तापलेली हवा ओल घेऊन वर निघून जाते. आत उजेड न देणारे दोन सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला (तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राला) जोडलेत, ऊन खायला एक पसरट झोताचा बल्ब आहे आणि अतिनील किरणांसाठी टी-५ प्रकारची लांब, बारीक ट्यूबलाइट. टोकदार झोताचा बल्ब घेऊ नका, तो नेमका पाठीचा माथा वाळवतो. बल्बखाली ३६-३७ अंश सेल्सिअस, बाकी पेटीत दिवसा २९-३०, रात्री २७ च्या खाली नाही. ओल ८० टक्क्यांच्या आसपास राहते, आणि ती टिकवायला मला आठवड्यातून दोनदाच पाणी घालावं लागतं.

खाली काय पसरायचं, यात मी बराच वेळ घालवला. आधी नारळाचा भुसा पसरला. ओल छान धरतो, पण दगडूच्या पायांना, तोंडाला, खाण्याला सगळीकडे चिकटतो आणि काचांच्या खाचेत जाऊन बसतो. काच सरकेना, की जुन्या टूथब्रशने खाच साफ करायची, हा माझा रविवारचा उद्योग झाला होता. आता तळाला भुसा आणि वर चार बोटं ऑर्किडसाठी मिळतात ते झाडाच्या सालीचे बारीक तुकडे. पाणी कोपऱ्यातून तळाला ओतायचं. वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे, खालचा ओला. वरच ओल राहिली तर कासवाच्या पोटाकडच्या कवचाला बुरशी धरते.

हायग्रोमीटर आल्या आल्या तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि झाकण व मापक एका पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझा काट्याचा मापक सकाळी ५८ दाखवत होता. तो टाकून डिजिटल घेतला, तो ७४ दाखवतो.

डिसेंबरची एक रात्र मात्र विसरता येत नाही. आई दिवाळीला आली होती, तेव्हाच म्हणाली होती, "अगं, ओल्यात ठेवशील तर सर्दी होईल त्याला." मी तिला समजावलं की हवा उबदार असली की काही होत नाही. तेही खरंच होतं. पण त्या रात्री थर्मोस्टॅटने हीटर बंद केले ते पुन्हा लावलेच नाहीत. सकाळी पेटीत १८ अंश आणि ओल ९० टक्के. तीन दिवसांनी दगडूच्या नाकाशी बारीक बुडबुडे दिसले, श्वास घेताना मान लांब करत होता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाचा संसर्ग सांगितला, इंजेक्शनं झाली, तीन आठवड्यांनी सावरला. तेव्हापासून दोन हीटर दोन वेगळ्या थर्मोस्टॅटवर आहेत, आणि पेटीचं तापमान घसरलं की फोनवर घंटा वाजते. थंड आणि ओलं, दोन्ही एकत्र आलं की कासव आजारी पडतं. उब सांभाळता येत नसेल तर ओल वाढवूच नका.

मार्चमध्ये नेहमीप्रमाणे त्याला कोमट पाण्यात बसवलं होतं. आंघोळीनंतर पाठ पुसताना खणांच्या मधे फिकट, सायीच्या रंगाची रेघ दिसली. नवी वाढ. बोट फिरवलं तर ती सपाट लागली. जुन्या टेकड्या तशाच आहेत, त्या कधीच बसणार नाहीत, पण प्रत्येक टेकडीभोवती आता रुंद, गुळगुळीत कडा वाढली आहे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर म्हणाली, देवळातल्या कासवासारखी पाठ होतेय. मला त्या दिवशी खरंच भरून आलं.

खाण्याचं फार सांगत नाही. इथे जिला बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हरळीच. ती, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं आणि काटे काढलेला फड्या निवडुंग. फळं नाहीत.

पेटीबद्दल तक्रारी दोनच. तळाचे सांधे आतून नीट बंद केलेले नव्हते, पहिल्याच महिन्यात खालच्या कपाटावर पाणी झिरपलं. मत्स्यपेटीसाठीचं सिलिकॉन मी स्वतः भरलं, ते वाळेपर्यंत दोन दिवस दगडूला मोठ्या टबात ठेवलं. दुसरं, विकणाऱ्याने "प्रौढ कासवालाही चालेल" असं लिहिलं होतं. सुलकाटाच्या बाबतीत हे साफ चूक आहे. आज दगडू १७ सेंटीमीटर, ९६० ग्रॅमचा आहे आणि काचेला धडका देत पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. माझ्या अंदाजाने ही पेटी त्याला जेमतेम आणखी वर्षभर पुरेल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक सांगायलाच हवं. आपल्याकडचं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडून घरी पाळणं गुन्हा आहे, कोणी 'लक्ष्मी येते' म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका.

नवरा आता परसात चार फूट बाय चार फुटांची, आतून थर्माकोलसारखे जाड पत्रे लावलेली रात्रीची खोली बांधतोय. आत तेलाचा रेडिएटर आणि पाण्याचा टब असेल. दगडू दिवसभर अंगणात हरळीवर राहील आणि रात्री त्या उबेत. थंडीच्या आधी छप्पर चढवायचं आहे, आणि मी आतापासूनच तिथे थर्मोस्टॅट लावून रोजचे आकडे वहीत लिहायला घेतले आहेत.