रुग्णालयाजवळची अन्नसेवा : सहा दिवसांचा अनुभव
बेळगावच्या एका मोठ्या रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांना रोज दुपारी विनामूल्य जेवण देणाऱ्या एका छोट्या अन्नसेवेचा लाभ वडिलांच्या आजारपणात मी सलग सहा दिवस घेतला. खानापूर, चंदगड, गोकाककडून आलेली माणसे तेथे एकाच पंगतीत बसतात. वाढणाऱ्या मावशी कन्नड बोलणाऱ्याला ‘ऊट आतेन री’ (जेवण झाले का) म्हणून विचारतात आणि मराठी बोलणाऱ्याला ‘पोटभर जेवा, रात्र जागून काढायची आहे’ असे सांगतात. जात मात्र कोणालाच विचारत नाहीत. भाकरी गरम, आमटी दाट. पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी आहे आणि दीडनंतर येणाऱ्यास पुष्कळदा नुसता भातच मिळतो, ही उणीव दूर व्हायला हवी.

भुकेलेल्याला अन्न देणे हा रोकडा धर्म असल्याचे १९५६ साली निवर्तलेले गाडगे महाराज सांगत. येथे देणगीदारांच्या नावांचा फलकही नाही. देणाऱ्याने स्वतःला असे पुसून टाकणे, याला मी साधनाच म्हणेन. शेवटच्या दिवशी मी पैसे पुढे करताच मावशींनी माझा हात मागे सारला आणि भाकऱ्यांची टोपली हाती दिली. अनोळखी माणसांना वाढताना काळजीने आवळलेला जीव प्रथमच सैल झाला.