पोर्शे ९११ कॅब्रिओले : छत गेलं, ७० किलो वाढले

९९२ पिढीची पोर्शे ९११ कॅरेरा (२०१९ ते २०२४ ची पहिली आवृत्ती), आठ गिअरच्या पीडीके या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह, डीआयएन या जर्मन पद्धतीनं मोजली तर १,५०५ किलो भरते. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स असलेली कॅब्रिओले, म्हणजे छत उघडणारी गाडी, भरते १,५७५ किलो. धातूचं छत गेलं, त्या जागी कापड आलं आणि गाडी ७० किलोंनी जड झाली. हे ७० किलो नेमके कुठे बसलेत हे कळलं, की कॅब्रिओले घ्यायची का नाही याचं उत्तर बरंचसं मिळून जातं.

आधी आकडे वाचायची पद्धत. डीआयएन वजनात ड्रायव्हर धरत नाहीत, युरोपीय पद्धतीत ७५ किलो त्याच्या नावानं मिळवतात. ‘ड्राय’ वजनात तर पेट्रोल आणि बाकीची द्रव्यंही धरलेली नसतात. कूपेचा, म्हणजे पक्क्या छताच्या कॅरेराचा, युरोपीय आकडा आहे १,५८० किलो. तो कॅब्रिओलेच्या डीआयएन आकड्याशेजारी ठेवला तर उघडी गाडीच ५ किलोंनी हलकी दिसते! जाहिरातींत आणि तुलनेच्या तक्त्यांत ही सरमिसळ सर्रास होते. दोन्ही गाड्यांची मोजायची पद्धत, गिअरबॉक्स आणि चाकांचा आकार एकच आहे याची खात्री केल्याशिवाय वजाबाकी करू नका.

आता छताचं वजन. एखाद्या साध्या पोलादी कूपेचं उदाहरण घेऊ. छताचा पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा आणि १.२ चौरस मीटरचा धरला, तर तो साडेसात किलोच भरतो. मागची काच ४ मिलिमीटर जाड आणि ०.८ चौरस मीटर धरली, तर ती ८ किलो. म्हणजे पत्रा आणि काच मिळून सोळाएक किलो वाचले. पण दोन्ही दारांखालच्या सिलमध्ये दीड मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी २ मिलिमीटरची एकेक पट्टी घातली, की तिथेच १४ किलो परत आले. अजून तर कामाला सुरुवातही झालेली नाही.

कारण कूपेचं छत ऊन-पाऊस अडवण्याखेरीज आणखी एक मोठं काम करत असतं. छत, खांब, फ्लोअर आणि दोन्ही बाजू मिळून एक बंद पेटी तयार होते, आणि बंद पेटी पिळायला फार अवघड. काडेपेटीचा आतला ट्रे बाहेर काढून दोन्ही टोकांनी पिळून बघा, सहज वाकतो. तोच ट्रे खोक्यात सरकवून पिळा, हाताला लगेच फरक कळतो. गाडीचं एक चाक खड्ड्यात आणि समोरचं उंचवट्यावर असतं तेव्हा बॉडीला हाच पीळ बसतो. छत नसेल तर तो सगळा भार सिल, मधला टनेल आणि आडव्या क्रॉस-मेंबरना झेलावा लागतो. म्हणून सिल जाड करतात, ए-पिलरमध्ये (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबांत) उच्च ताकदीच्या पोलादाची नळी घालतात, फ्लोअरखाली तिरपे ब्रेस लावतात आणि सीटमागे गाडी उलटली तर डोकी वाचवणारे रोल-ओव्हर बार बसवतात. वरून पत्रा जातो, खालून त्याच्या कितीतरी पट धातू येतो.

यात यंत्रणेचं वजन वेगळं: हायड्रॉलिक पंप, सिलिंडर, होसेस, सांधे, कुलपं, टॉपच्या (कापडी छताच्या) कमानी. ९११ मध्ये या कमानी मॅग्नेशियमच्या आहेत, त्यामुळे वेगात कापड फुग्यासारखं वर उचललं जात नाही. मागची काच खरी काच आहे. टॉप १२ सेकंदांत उघडतो, तोही ५० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीत. तिसऱ्या पिढीच्या ऑडी टीटी रोडस्टरचा अख्खा कापडी टॉप ३९ किलोंचा, पण रोडस्टर कूपेपेक्षा सुमारे ९० किलोंनी जड. कूपेच्या छताचं वजन वजा झाल्यानंतरचा हा फरक आहे, तेव्हा निम्म्याहून अधिक भर बॉडीच्या मजबुतीत गेला हे उघड आहे.

चालवताना काय बदलतं? कॅरेराचं इंजिन ३८५ पीएसचं (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). कूपेत प्रत्येक पीएसच्या वाट्याला ३.९१ किलो येतात, कॅब्रिओलेत ४.०९. कूपे ४.२ सेकंदांत १०० गाठते, कॅब्रिओले ४.४ सेकंदांत. वजन ४.७ टक्के वाढलं, वेळ ४.८ टक्के. टॉप स्पीड २९३ वरून २९१. रस्त्यावर हे कुणाला जाणवणार नाही. जाणवतं ते वळणात, एकामागून एक डावं-उजवं करताना. टॉप आणि त्याची यंत्रणा मागच्या बाजूला असते, आणि ९११ चं इंजिनही मागेच. तरी या पिढीत इंजिनाच्या माउंटिंगची जागा बदलून बॉडीचा ताठपणा वाढवलाय, आणि १० मिलिमीटर खाली बसणारं स्पोर्ट सस्पेन्शन ९११ कॅब्रिओलेला पहिल्यांदाच मिळालं. वजनाच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. बॉडी पिळत असेल तर स्प्रिंग कडक करून फायदा नसतो, कारण मग बॉडीच स्प्रिंगसारखी वागायला लागते.

७० किलो हा आकडा चांगला का वाईट, हे बाकीच्या गाड्यांशेजारी ठेवल्यावर कळतं. लॅम्बोर्गिनी हुराकान एलपी ६१०-४ स्पायडर (स्पायडर म्हणजेही उघडी गाडी) कूपेपेक्षा १२० किलोंनी जड आहे. फेरारी ४८८ स्पायडरनं हा फरक ५० किलोंवर ठेवला. मॅक्लारेन ७२०एस स्पायडरचा ४९ किलो, कारण तिची ताकद कार्बन फायबरच्या टबमध्ये, म्हणजे केबिनच्या एकसंध सांगाड्यात आहे, छत कापल्यानं टबला फारसा फरक पडत नाही. घडी होणारं धातूचं छतही वजनाला बहुधा महाग पडतं. बीएमडब्ल्यूनं ४ सिरीजच्या पुढच्या पिढीत ते सोडून कापडी टॉप घेतला आणि छताचं वजन ४० टक्क्यांनी उतरलं. मर्सिडीजनंही नव्या एसएलमध्ये तेच केलं, तिथे २१ किलो वाचले. माझदा एमएक्स-५ आरएफ तर कापडी टॉपच्या एमएक्स-५ पेक्षा सुमारे ४५ किलोंनी जड आहे.

आणि ज्याला वजनाचीच चिंता आहे त्यानं पोर्शे ७१८ कडे बघावं. उघडी मॅन्युअल बॉक्स्टर १,३३५ किलो, तिची कूपे म्हणजे मॅन्युअल केमनही १,३३५ किलो. बॉक्स्टरचा आराखडाच उघड्या गाडीचा, ठिगळं लावायची वेळच येत नाही. अर्थात अशा जोडीत कूपेला छताचा फायदा ताठपणात मिळतो. जग्वार एफ-टाइप आधी उघडी आली, नंतर कूपे झाली, आणि कूपेचा पीळ सहन करायचा ताठपणा उघड्या गाडीपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त निघाला.

गॅरेजमध्ये कूपेचं छत कापून घेण्याच्या विचारात कुणी असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: करू नका. तरीही जुनी, वेगळ्या चासिसची गाडी असेल आणि काम होणारच असेल, तर क्रम चुकवू नका. गाडी चाकांवर सपाट जमिनीवर उभी करा, जॅकवर नाही. कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत तिरपे लोखंडी ब्रेस वेल्ड करा आणि चारही कर्णांची मापं लिहून ठेवा. सिल आणि फ्लोअरचं मजबुतीकरण आधी पूर्ण करा, छत सगळ्यात शेवटी कापा. उलट केलं की बॉडी मधून खचते, दाराची वरची फट मिटते, आणि त्या स्थितीत वेल्ड केलेलं सिल वाकडंच राहतं. नंतर दार कितीही अ‍ॅडजस्ट केलं तरी कुलूप घासतंच.

वापरलेली कॅब्रिओले बघायला जाल तेव्हा टॉप उघडा ठेवून एक स्पीड ब्रेकर हळू आणि तिरपा ओलांडा. नजर आतल्या आरशावर आणि विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवर ठेवा. दोन्ही स्थिर राहिले तर ठीक, आरसा थरथरला आणि विंडस्क्रीनची चौकट बाकीच्या बॉडीपेक्षा वेगळी हलली तर तो स्कटल शेक, म्हणजे बॉडी पिळल्यानं येणारी थरथर. मग एक पुढचं चाक कडेच्या दगडावर चढवून दोन्ही दारं उघडून-मिटून बघा, आवाज बदलता कामा नये. टॉपच्या खालच्या कडेला पाणी जायच्या नळ्या असतात, त्यात पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का पाहा. नळी तुंबलेली असेल तर पाणी सिलमध्ये उतरतं, आणि छत नसल्याचा सगळा भार त्या सिलवर आहे.