हॉल की पोर्च? कुंडीतल्या मेयर लिंबाने हिवाळा कुठे काढावा

शिकागोच्या आसपास ऑक्टोबर लागला की मेयर जातीच्या लिंबाची कुंडी आत घ्यावी लागते, यात दुमत नाही. आत म्हणजे नेमकं कुठे, यावर मात्र आपल्या मंडळींत दरवर्षी चर्चा रंगते. बहुतेकांकडे दोन जागा असतात. एक, दक्षिणेच्या खिडकीचा उबदार हॉल. दुसरी, घराला लागून असलेला काचेचा पोर्च, जो थंडीत आपण एरवी बंदच करून टाकतो. मी दोन्हीकडे झाड ठेवून पाहिलं आहे आणि सध्या ते पोर्चमध्ये असतं. तरी हॉलच्या बाजूनेही बरंच सांगण्यासारखं आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

हॉलमध्ये झाड सतत डोळ्यांसमोर राहतं. पाणी विसरत नाही, पान पिवळं पडलं तर त्याच दिवशी दिसतं, आणि थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण २१ सेल्सिअसवर असल्याने बाहेर कितीही बर्फ पडो, रात्री झोप शांत लागते. तुमच्याकडे मेयरऐवजी कागदी लिंबू असेल तर पुढचं वाचण्याचीही गरज नाही. ते थंडीला फार नाजूक आहे, त्याला हॉलच द्या.

अडचण उजेडाची आहे. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम नऊ तासांचा, त्यातही आभाळ भरलेलं. ऊब मिळते म्हणून झाड फुटवा काढतं, पण पुरेशा उजेडाअभावी तो फुटवा लांबट, फिकट आणि लेचापेचा निघतो. त्यामुळे एलईडी दिवा घ्यावाच लागतो आणि तो रोज बारा-चौदा तास चालू ठेवावा लागतो. हेही चालवून घेता येतं. हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते, तीही आठवड्याला शॉवरखाली पानं धुतली की आटोक्यात राहते.

मला हॉल सोडायला लावला तो चिकट्याने.

पान उलटं करून पाहा. मधल्या शिरेला लागून जवसाच्या दाण्यासारखे तपकिरी, चपटे ठिपके दिसतात. नखाने खरवडले की सुटून येतात. ही खवले कीड. उन्हाळ्यात झाड बाहेर असतं तेव्हाच दोन-चार चढलेली असतात, पण बाहेर ढालकिडे आणि इतर मित्रकीटक त्यांचा बंदोबस्त करतात. हॉलमध्ये मित्रकीटक नाहीत आणि २१ अंशांची ऊब मात्र अखंड, त्यामुळे एकामागून एक पिढ्या निघत राहतात. रस शोषून ही कीड जो गोड चिकटा सोडते तो खालच्या पानांवर, खिडकीच्या कठड्यावर आणि लाकडी जमिनीवर पडतो. मोजे चिकटतात. त्यावर धूळ बसते, मग कोळशी चढते. विदर्भात संत्र्याच्या बागा असलेल्यांना ही काळी बुरशी वेगळी सांगायला नको.

उपाय आहेत, सगळे केले. कापसाचा बोळा रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून पानन् पान पुसायचं, दर आठवड्याला. पण दोन फांद्यांच्या बेचक्यात एखादी राहून जाते आणि महिन्याभरात पुन्हा कठडा चिकट. कडुनिंबाचं तेल फवारलं तर जानेवारीत खिडकी उघडता येत नाही, त्यामुळे दोन दिवस घरभर तोच वास आणि जेवताना तोच. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर हे किती वेळा करायचं, याचा विचार तुम्हीच करा. कुणाच्या घरी ही कीड कधी येतच नसेल. त्यांना हॉल उत्तम मानवेल, असं मी मोकळेपणाने म्हणेन.

पोर्चमध्ये मी थर्मोस्टॅटवाला, विजेवर चालणारा तेलाचा हीटर ठेवतो आणि हवा ४५ ते ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे ७ ते १० सेल्सिअसच्या दरम्यान राहू देतो. या थंडीत झाड जवळजवळ झोपतं. फुटवा नाही, म्हणून जास्त उजेडाची भूक नाही, दिवा लागत नाही. आणि झाडाबरोबर कीडही थंडावते. खवले पूर्ण मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. मार्चमध्ये एकदा पुसून घेतलं की काम भागतं. माझ्या पोर्चची जमीन हिवाळाभर कोरडी असते, आणि माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

दुसरा फायदा फुलांचा. नागपूरकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याच्या बागेचं पाणी हिवाळ्यात तोडून ताण देतात, थंडीही त्यात हातभार लावते, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलतं. पोर्चमध्ये तेच आपोआप घडतं. थंडी आणि कमी पाणी यांचा ताण बसतो आणि हवा ऊबदार होऊ लागली की कळ्या गच्च लागतात. हॉलमध्ये फुलं येतात, पण माझ्या अनुभवात तुरळक आणि अवेळी.

मेयरच्या बाबतीत हे नवल नाही. १९०८ मध्ये वनस्पतींचे शोधक फ्रँक मेयर यांनी ते चीनमधून अमेरिकेत आणलं तेव्हा तिथे ते शोभेसाठी कुंडीतच वाढवत असत. व्हर्सायच्या राजवाड्यातली संत्र्याची झाडंही लाकडी पेट्यांत वाढवून हिवाळ्यात आत नेतात, तीही तापवलेल्या दालनात नाही, तर गोठणार नाही एवढ्याच थंड दालनात.

पोर्च घ्यायचा ठरवलात तर एक गोष्ट नीट समजून घ्या. साधारण ५५ फॅरनहाइटखाली, म्हणजे १३ सेल्सिअसखाली, लिंबाची मुळं काम जवळपास थांबवतात. अशा वेळी काचेतून कडक ऊन पानांवर आलं की पानं पाणी मागतात आणि मुळं ते देत नाहीत. मग हिरवीगार पानं पटापट गळतात. लोक घाबरून आणखी पाणी घालतात आणि मुळं कुजतात. म्हणून पोर्चमध्ये दुपारच्या उन्हाला पातळ पडदा हवा, कुंडी थंड फरशीवर न ठेवता थर्माकोलच्या जाड तुकड्यावर हवी, आणि माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. माझ्याकडे जानेवारीत दोन-तीन आठवडे सहज जातात. खत वसंतापर्यंत बंद. खिडकी नसलेलं गॅरेज हा पोर्चला पर्याय नव्हे, त्या भानगडीत पडू नका.

हीटरचं बिल येतं, हे खरं, दिव्याचंही येतंच. खरी धास्ती वीज जाण्याची. त्यासाठी अलार्मवाला थर्मामीटर पोर्चमध्ये ठेवा आणि त्याचा डिस्प्ले उशाशी. ४० फॅरनहाइटच्या खाली गेल्याचा अलार्म झाला तर कुंडी सरळ उचलून घरात आणा. एका रात्रीच्या उबेने झाडाचं काही बिघडत नाही. म्हणूनच कुंडी एकट्या माणसाला उचलता येईल एवढीच घ्या, किंवा खाली चाकांची पाटी लावा आणि पोर्चच्या दारात उंबरा असेल तर तिथे एक फळी तयार ठेवा.